तलवारीशी लागलेलं लग्न

प्रतापरावांच्या निवृत्तीला महिना उरला आणि पेन्शनच्या फॉर्मनं घरात घोळ घातला. ‘पत्नीचे नाव’ यापुढं जागा एकच आणि प्रतापरावांना बायका दोन. थोरल्या भवानीबाई, धाकट्या राजाबाई. मूलबाळ दोघींनाही झालं नाही, पण देवासच्या त्या घरात पत्त्यांना तिसरा भिडू तेवढा कायमचा मिळाला. पगार एका पितळी डब्यात पडायचा आणि डबा दोघींचा. वाटणी करायचं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी फॉर्म घेऊन तिघंही उमाशंकर वकिलांकडं गेली.

“कायदे में दोनों पत्नी हैं, भिया,” वकील म्हणाले. “सन पचपन के कानून के पहले की शादियाँ हैं ना? तो आपके बाद पेन्शन आधी-आधी. बस, दोनों शादी का सबूत ले आओ.”

भवानीबाईंनी पिशवीतून धारची छापील लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली. त्या पुरावा घेऊनच निघाल्या होत्या. राजाबाईंकडं मात्र काहीच नव्हतं. सेहेचाळीस साली खातेगावला माहेरी त्यांचं लग्न लागलं ते तलवारीशी. सरदारांच्या घरी दुसऱ्या लग्नाला नवरदेव जायचा नाही, आपली तलवार पाठवायचा. अंतरपाटापलीकडं पाटावर तलवार उभी, तिलाच माळ. नवरदेव त्या वेळी धारमध्ये आपल्या घरी जेवून वामकुक्षी घेत होते.

“यानी दूल्हा भी गवाह नहीं!” वकिलांनी कपाळाला हात लावला. “और तलवार का बयान मैं कैसे लूँ?”

तलवार घेऊन गेलेले प्रतापरावांचे मानाजीकाका कधीच वारले होते, माहेरचंही कुणी उरलं नव्हतं. राजाबाईंना फार भीती वाटली. तेहतीस वर्षं या घरात भाकऱ्या थापल्या, आणि कागदावर आपण कुणीच नाही? यांच्यामागं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत जगायचं?

“मी होते लग्नात,” भवानीबाई म्हणाल्या.

राजाबाई त्यांच्याकडं वळल्या. “अक्का, तुम्ही तर त्या दिवशी हाटपिपल्याला नरसिंहाच्या दर्शनाला गेला होतात ना? दर दिवाळीला सांगता की!”

“मग काय सांगू? सवत आणायला मीच गेले म्हणू? मोटारीत तलवार माझ्याच मांडीवर होती. म्हटलं, घरात कोण येतंय ते बघून तरी यावं. घुंगट ओढून मागं बसले होते.”

प्रतापरावांनाही हे आजच कळत होतं.

वकिलांनी प्रतिज्ञापत्रासाठी कोरा कागद ओढला आणि ते थबकले. “माँजी, सोच लो. ये हलफ़नामा दिया तो आधी पेन्शन इनकी हो जाएगी. नहीं दिया तो पूरी आपकी.”

“जाईल कुठं, वकीलसाहेब? एकाच डब्यात तर पडणार.” मजकूर लिहून होताच भवानीबाईंनी चष्मा लावला आणि सही ठोकली.

राजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“पुरे आता,” भवानीबाई म्हणाल्या. “त्या दिवशीही अशीच रडत होतीस. गालावरची सगळी हळद ओघळली होती.”