फायटरच्या पाण्यातलं मीठ

ती वॉर्डात सिस्टर होती आणि घरातही सिस्टरच होती. कुणी शिंकलं की हिची गोळी तयार. नवरा म्हणायचा, आमच्या घरात आजारी पडायलासुद्धा परवानगी लागते. अशा बाईच्या हवाली आपला फायटर मासा करून सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे राहायला गेले.

मासा निळा होता आणि चांगलाच तापट होता. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचं सकाळचं पहिलं बोलणं त्याच्याशीच व्हायचं. जाताना त्यांनी मोजकंच सांगितलं. दर आठवड्याला थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जायला त्यात औषधाचे थेंब टाकायचे. बाकी काही घालायचं नाही, हे ते दोनदा म्हणाले. तिने मान डोलावली, वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांसमोर डोलावते तशी.

सासरे गेले आणि लवकरच मासा तिला मलूल दिसू लागला. खरं तर तो नुसता टाकीतल्या पानावर टेकला होता. फायटर असे टेकतात, त्यात नवल काही नाही. पण स्वस्थ पडलेला जीव सिस्टरला बघवत नाही. ती माशांच्या दुकानात गेली आणि ताकदीचे थेंब, पानांचा अर्क आणि मिठाचं पाकीट घेऊन आली. दुकानदाराने काही गळ्यात मारलं नाही, हिनेच मागून घेतलं.

त्यातही मीठ तिला फार पटलं. माणसाला सलाईन लावली की तरतरी येते, मग माशाला का नाही? ड्युट्या उलटसुलट लागल्या होत्या, पाणी बदलायला सवड नव्हती. टाकीतलं पाणी खाली गेलं की ती मीठ कालवलेलं पाणी वरून ओतायची. पाणी उडून जात होतं, मीठ मात्र साठत होतं. पेशंटच्या अंगात किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा हिशेब ठेवण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिला एवढंही सुचलं नाही. मासा खरंच मलूल झाला, तेव्हा तिने मीठ वाढवलं. अति शहाणपण म्हणतात ते हेच.

सासरे परत आले तेव्हा मासा पर मिटून तळाशी पडला होता. ते काळा चष्मा लावूनच टाकीसमोर वाकले. मग म्हणाले, "चूक माझीच. मला नीट दिसत नव्हतं, हा आधीपासूनच आजारी असणार. आजारी मासा तुझ्या गळ्यात टाकून गेलो."

पाकीट आणि बाटल्या तिने ओट्याखाली सरकवल्या होत्या. आता सांगावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात नवरा म्हणाला, सलाईन का नाही लावलीस? आणि आपल्याच विनोदावर हसला. ती मूग गिळून बसली.

सासऱ्यांना राहवेना. मासे पाळणाऱ्या एका मित्राने फोनवर मीठ सुचवलं, तसे ते स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आले. चिमूटभर घालून बघू, असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं आणि तिने त्यांचा हात धरला.

"बाबा, मीठ नको. तो गोड्या पाण्यातला मासा आहे. काही आजारांत देतात, पण मोजून आणि थोडेच दिवस. एरवी ते पाण्यात साठत जातं. याला नुसतं स्वच्छ पाणी द्या, थोडंथोडं बदलून."

हे सगळं तिने आदल्या दिवशी वाचलं होतं, घाबरून. बोलली त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याच्या आधीचं एक वाक्य तेवढं तिने गाळलं.

पाणी हळूहळू बदलत गेलं. मासा वर आला, दाणा टिपू लागला, काचेतल्या स्वतःवर पुन्हा धावून जाऊ लागला. तिला रडू आलं, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं. सासरे इमारतभर सांगत फिरले की मासा हातचा गेलाच होता, सून होती म्हणून वाचला. ऐकून तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. तरी दर वेळी ती नुसती हसायची. त्या हसण्याची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती.

मग एका संध्याकाळी समोरच्या काकू आपला फायटर बरणीत घेऊन आल्या. मरगळला होता बिचारा. मीठ घालतात म्हणे, किती घालू, त्यांनी विचारलं. सासरे कौतुकाने म्हणाले, हिला विचारा, हिला त्यातलं सगळं कळतं.

बरणीतला मासा हळूहळू कल्ले हलवत होता. या वेळी गाळलेलं वाक्य बाहेर आलं.

"मला काही कळत नाही, काकू. बाबांचा मासा मीच आजारी पाडला होता. मीठ मीच घालत होते."

काकूंनी बरणी जवळ घेतली. उद्या येते, म्हणाल्या आणि गेल्या. सासरे खुर्चीत बसले. चष्मा काढून हातात धरला, पुन्हा लावला. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मासा राहू दे," ते शेवटी म्हणाले. "वाचला तो. पण मी घरोघरी तुझं नाव घेऊन आलो. आणि तू मला जाऊ दिलंस."

मी सगळ्यांना सांगते, ती म्हणाली. ती तशीच जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या पहिल्या दाराशी गेली आणि तिने बेल वाजवली. दार उघडलं. आतली बाई तोंडभर हसून म्हणाली, "या, डॉक्टरीणबाई, आत्ताच तुमचंच कौतुक चाललं होतं."