चुन्याची फुली

घाटाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत तापीचे पाणी शिरण्यापूर्वी जी पहिली फुली पडली, ती लीलाबाईंच्या स्वतःच्या दारावर. चुन्याचा कुंचलाही त्यांनीच धरला होता. लोकांना जे सांगायचे ते आधी आपण करून दाखवायचे, हा त्यांचा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरचा तीस वर्षांचा खाक्या. आणि गेली चार वर्षे मदत मंडळाच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी या गल्लीला पुराची तयारी शिकवली, तीही वर्गाला पाढे शिकवावेत तशी, चुकेल त्याला पुन्हा म्हणायला लावून.

फुलीचा नियम साधा होता. घर सोडताना दारावर चुन्याची मोठी फुली मारायची. फुली म्हणजे घर रिकामे. मंडळाची नाव अशा दाराशी थांबणार नाही, ठोठावणार नाही, हाकही मारणार नाही.

“आणि मॅडम, फुली असूनही कोणी आत असलं तर?” मागच्या महिन्याच्या सभेत मोहितने विचारले होते. मोहित मंडळाची मोटारबोट चालवी.

“फुली मारून आत बसणाऱ्याला मंडळ काय करणार?” लीलाबाई म्हणाल्या होत्या, आणि सभा हसली होती.

त्याच सभेत, फुलीचे बोलणे संपल्यावर उशिरा आलेला देवराम उभा राहिला होता. नदीपलीकडे त्याची केळीची बाग. त्याचे म्हणणे असे की बोट एकच, तिचा काय भरवसा. घड काढून झालेली केळीची खोडे एकावर एक पडून असतात, आठदहा खोडांत बांबू आरपार घालून बांधले की चार माणसे वाहून नेईल असा तराफा होतो. लीलाबाईंनी त्याला चष्म्यावरून पाहिले. “देवराम, केळीचे खांब सत्यनारायणाला शोभतात. इथे प्रशिक्षण घेतलेली माणसे लागतात. प्रशिक्षणाला किती दिवस आलात?”

“एकबी नाही, बाई. बागेत पानी सुरू होतं.”

“मग बसा.”

देवराम बसला होता. पुन्हा सभेला आला नव्हता.

आज सकाळी उगमाकडचा, मुलताईचा पाऊस नदीत दिसू लागला आणि भोंग्यावरून सूचना फिरली, तेव्हा गल्लीने लीलाबाईंची मान ताठ होईल असे वर्तन केले. दहाच्या आत घरे रिकामी झाली. उंचावरच्या शनवारा वस्तीतल्या शाळेत सोय होती. तिथे गर्दीत वेळ जाऊ नये म्हणून हजेरीचे रजिस्टर लीलाबाईंनी घरीच भरून घेतले, आणि सवयीप्रमाणे पहिल्या ओळीत स्वतःचे नाव लिहून पुढे ‘हजर’ अशी सही ठोकली. रजिस्टर, किल्ली, शिट्टी-औषधे-बॅटरी असलेली पिशवी आणि मोबाइल, सारे त्यांनी सुनेच्या हाती दिले. मुलगा निरंजन नोकरीनिमित्त खंडव्याला. घरात सून रंजिता आणि नात पल्लवी, एवढीच माणसे.

“आई, तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर,” रंजिता म्हणाली.

“शेवटचे घर पाहून मी बोटीने येते. तू माझी वाट पाहत उभी राहू नकोस, लोकांच्या चहाचे बघ.”

रंजिता गेली. लीलाबाईंनी शेवटचे घर पाहिले, आणि बोटीकडे वळताना त्यांना आठवेना की आपण गॅसची टाकी बंद केली की नाही. ‘गॅस बंद’ हा त्यांच्याच छापील पत्रकातला पहिला नियम होता. अध्यक्षाबाईंच्याच घरात भडका उडाला, तर गल्ली काय म्हणेल? ‘घर सोडल्यावर परत फिरू नये’ हा त्याच पत्रकातला नियम मात्र त्या क्षणी त्यांना आठवला नाही, किंवा आठवला तरी तो इतरांसाठी होता.

पुढच्या दाराला कुलूप, त्यावर पाणी अडवायला खाचेत बसवलेला लोखंडी पत्रा. परसाच्या दाराला नुसती कडी होती; त्या तिथून आत शिरल्या. टाकी बंद होती. घट्ट बंद होती. दोनदा फिरवून पाहिली तरी बंदच. हुश्श करून त्या वळल्या, तोच परसाची भिंत खचली. तिला टेकवून रचलेली वाळूची चाळीस पोती, त्यांनीच मोजून रचवून घेतलेली, घसरत येऊन दारावर बसली. दार बाहेर उघडणारे होते. लीलाबाईंनी खांदा लावला. दार तसूभरही हलले नाही. फटींतून पाणी मात्र सहज आत आले, जणू त्याला आमंत्रण होते.

खिडक्यांना गज होते. चोरांच्या भीतीने त्यांनीच जाड बसवून घेतले होते.

पाणी घोट्याला लागले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. पोटरीपर्यंत आले तेव्हा गल्लीतून मोटारीची घरघर आली. लीलाबाई खिडकीशी गेल्या. गजांतून, पन्नास हातांवर, नारिंगी बोट दिसली. त्यांनी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. पाणी अजून पोटरीलाच होते. आणखी चढेल कशावरून? आणि आता हाक मारली, तर आज संध्याकाळी शाळेत साऱ्या गल्लीदेखत मोहित सांगणार: मॅडमच अडकल्या होत्या, फुली मारून. सभा ज्या वाक्यावर हसली होती, ते वाक्य आता त्यांच्याच नावावर फिरणार.

“मॅडम का घर है,” मोहितचा आवाज आला. “फुली आहे. आगे चलो.”

बोट पुढे गेली. शिकवल्याबरहुकूम गेली. लीलाबाईंना क्षणभर त्याचा अभिमानही वाटला.

पाणी थांबले नाही. ते गुडघ्याशी आले, पिठाचा डबा तरंगू लागला. परतीच्या फेरीत बोट पुन्हा आली तेव्हा लीलाबाई खरोखर ओरडल्या. “मोहित! अरे मोहित! इकडे!” दोन पिढ्यांच्या शाळकरी पोरांना मैदानाच्या टोकाशी थिजवणारा तो आवाज मोटारीच्या घरघरीत बुडून गेला. एकाही माणसाने मान वळवली नाही. फुलीच्या दाराकडे पाहायचेच नाही, हे त्यांना फार चांगले शिकवलेले होते.

मग त्यांनी पदर खोचला आणि शिडीने स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर चढल्या. बाहत्तराव्या वर्षी, एकेक पायरी मोजत. माळ्यावर त्यांच्या तयारीचे सगळे सामान होते: महिन्याचे डाळ-तांदूळ, फुटाणे, पाण्याचे भरलेले कॅन, मेणबत्त्या. महिनाभर जगण्याची सोय होती. बाहेर पडण्याची नव्हती. कौलांखाली वाकून बसावे लागत होते. शाळेत त्या हजर होत्या, रजिस्टरात तसे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. रंजिता चहाचे बघत असेल. सासूने वाट पाहू नकोस म्हटले, म्हणजे ती पाहणार नाही. पंधरा वर्षांत तिने एकही शब्द मोडला नव्हता. तो मोडू दिला असता तर, असे लीलाबाईंना प्रथमच वाटले.

खाली शिडीच्या तीन पायऱ्या पाण्यात गेल्या. मग चौथी.

त्यांनी दोन कौले वर ढकलून सरकवली. आभाळाचा वीतभर तुकडा आत आला. खालच्या लाकडी पट्ट्या, रिपा, अगदी जवळजवळ ठोकलेल्या होत्या. हात जाई, खांदा जात नव्हता.

आणि तेव्हा त्यांना वल्ह्याचा नव्हे, मोटारीचा नव्हे, तर बांबू टेकत येण्याचा आवाज ऐकू आला. मधूनच कोणाचे तरी दार धडाधडा वाजत होते.

“कोनी हाय का मंदी? ओ भाऊ! ओ बाई! कोनी राहिलं का?”

देवरामचा आवाज. प्रशिक्षणाला एक दिवसही न आलेला देवराम एकेक दार ठोठावत येत होता, फुली असो वा नसो. फुली म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हते.

हाक मारायची ती नेमकी याला. त्यांनी डोळे मिटले आणि कौलांतून हात बाहेर काढला.

“आहे!” त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, “इथे मी आहे!”

“मी कोन?”

“मी लीलाबाई.”

बांबूचा आवाज थांबला. मग तराफा भिंतीला लागल्याचा ओला धक्का बसला, आणि देवराम कौलांवर चढून भोकातून आत डोकावला. त्याच्या भुवया कपाळात गेल्या होत्या.

“बाई? तुमी तं शाळंत हाय म्हने. मोहितनं सांगलं मले, वहीत सही हाय म्हनून.”

“नाही. इथे आहे.”

“आन् दारावर चुन्यानं काय मांडलं हाय? साऱ्याइच्या दारावर हाय. म्या म्हटलं पूजा-बिजा असंन.”

“त्याचा अर्थ, घर रिकामे.”

देवरामने फुलीच्या दिशेला पाहिले, बाईंकडे पाहिले. तो हसला असता तर बरे झाले असते. तो हसला नाही, कमरेचा कोयता काढू लागला.

“माझी चूक झाली, देवराम,” त्या म्हणाल्या. हे तीन शब्द त्यांनी फळ्यावर पुष्कळांकडून लिहवून घेतले होते. स्वतःच्या तोंडून कधी काढले नव्हते. “फुलीचीही, आणि त्या दिवशी तुम्हाला बसवले त्याचीही.”

“सरका थोडं मांगं,” देवराम म्हणाला. “कोयता लागन तुम्हाले.”

चार घावांत रिपा तुटल्या. त्याने बाईंना काखेत हात घालून वर ओढले, आणि कौलांवरून उतरवून केळीच्या खोडांवर बसवले. खोडे गार, बुळबुळीत होती, पाण्यात जरा दबली आणि तरली. लीलाबाईंनी दोन्ही हातांनी बांबू धरला. पायांतल्या चपला केव्हाच गेल्या होत्या, लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाचे झाले होते; तरी त्यांनी पाठ ताठ केली.

“चला, शनवाऱ्याले सोडतो तुम्हाले,” देवराम म्हणाला. “पुढं साऱ्याच दारांवर फुल्या हायत. आता समजलं मले, रिकामी घरं.”

पुढच्या दारावर फुली होती, ठसठशीत, नियमानुसार. लीलाबाईंनी ती पाहिली. शाळेत त्यांची वाट कोणीच पाहत नव्हते. रजिस्टरातली ती सही खोडायची होती, साऱ्या गल्लीदेखत, पण त्याला थोडा उशीर चालला असता.

“थांबवा,” त्या म्हणाल्या.

“बाई, फुली हाय ना.”

“दिसते मला. ठोठावा.”

देवरामने बांबूने दार वाजवले. दोघे कान देऊन थांबले. आतून फक्त पाणी हलल्याचा आवाज आला.

“कोनी नाही.”

“पुन्हा एकदा,” लीलाबाई म्हणाल्या, आणि या वेळी हाकही त्यांनीच मारली. उत्तर आले नाही तेव्हा त्यांनी पुढच्या दाराकडे बोट दाखवले.