सातवं वळण आणि पन्नास किलो

घाटातल्या सातव्या वळणावर मोटरसायकलचा डबल स्टँड रस्त्याला खर्रकन घासला, मागचं चाक क्षणभर उचललं गेलं आणि गाडी सरळ कठड्याकडे निघाली. पडलं कुणी नाही. शिंप्याने कशीबशी ब्रेक दाबून ती कठड्यापासून हातभर अंतरावर थांबवली. मागे बसलेली बायको उतरली, बॅग खांद्यावर नीट केली आणि म्हणाली, "उद्यापासून मी बसने जाणार."

"अगं, स्टँड टेकला नुसता."

"स्टँड टेकला, आणि पुढ्यात कठडा होता. बसने जाणार म्हटलं ना."

आणि ती खरंच बसने जायला लागली.

आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण घरात माणसं सात आणि खोल्या दोन. आई-वडील, भाऊ-भावजय, बहीण आणि ही दोघं. पडद्याच्या अलीकडे शिंकलं तर पलीकडून कुणीतरी "पाणी देऊ का" विचारायचं. दीड वर्षापूर्वी लग्न झालं, तेव्हापासून त्या दोघांचा खरा संसार रोज चाळीस मिनिटांचा. घाटापलीकडे तिचं हॉस्पिटल, तिथे ती नर्स, आणि हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत याचं शिलाईचं दुकान. घरात ती त्याला अहो म्हणायची. घाट लागला की अरे. भांडणं गाडीवर, मिटवामिटवी गाडीवर, एकदा तर ती अर्धा घाट पाठीवर डोकं टेकून नुसती रडली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

बस सुरू झाली आणि दोघं "मीठ कुठंय" आणि "दिवा घालवा" एवढ्यावर आले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी शिंपी गाडी घेऊन मेस्त्रीकडे गेला.

"स्टँडच काढून टाका," तो म्हणाला.

मेस्त्री गाडीमागे उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी सीट दाबून बघितली. गाडी बसली ती उठायचं नावच घेईना.

"आज स्टँड काढशील. उद्या सायलेन्सर टेकेल. मग तोही काढणार का? मास्तर, स्टँड बिचारा जागेवरच आहे. तुझी गाडी बसलीय. हे शॉकअप म्हातारे झालेत. दोघं बसलात की गाडी पाय पसरते, आणि वळणावर झुकवली की जे सगळ्यात खाली असेल ते टेकतं."

"मग?"

"मागे दीड सेंटीमीटर उंच शॉकअप, कडक स्प्रिंगवाले. पुढे पण थोडं उचलू, नाहीतर गाडीचं तोंड खाली जाईल. आणि वळणावर जरा हळू जायचं, ते औषध फुकट आहे." मेस्त्रीने हात पुसले. "शनिवारी वहिनींना घेऊन ये. दोघांना बसवून माप घेतो."

"ती गाडीच्या जवळ येत नाही हो."

"मग वजन सांग. तेवढी पोती बांधतो मागे."

शिंपी घरी गेला. बायको स्वयंपाकघरात कणीक मळत होती, शेजारी भावजय भाजी चिरत होती, दारात आई. याने उभ्या उभ्या विचारलं, "अगं, तुझं वजन किती?"

भावजयीची सुरी थांबली. आईने मान वर केली.

"पन्नास," बायको म्हणाली.

शनिवारी मेस्त्रीने नवे शॉकअप बसवले आणि पन्नास किलो वाळू मागे बांधली. शिंप्याने स्वतःचं पासष्ट सांगितलं, पण पुढे बसून दाखवायला मात्र तो थांबला नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मेस्त्रीने पुढेही पासष्टची वाळू ठेवली. चाक अधांतरी असताना एक माप, वाळू चढल्यावर दुसरं. फरक बरोबर सव्वातीन सेंटीमीटर. "हवं तेवढंच," तो म्हणाला, आणि स्प्रिंग कडक-सैल करायची कडी दुसऱ्या खाचेवर बसवली.

सोमवारी शिंप्याने बायकोला हातापाया पडून तयार केलं. एकदाच, ती म्हणाली. बसली खरी, पण बोलली काहीच नाही. पाच वळणं गेली, सहावं गेलं. सातव्याला पुन्हा तेच. खर्र. या वेळी हळू, चाकही उचललं नाही, पण आवाज तोच. हॉस्पिटलच्या फाटकाशी ती उतरली आणि आत निघून गेली. मागे वळूनही बघितलं नाही.

दुकान न उघडताच हा मेस्त्रीकडे परत. "काय केलंत तुम्ही?"

मेस्त्रीने शॉकअप बघितले, खाच बघितली, स्टँडवरचा ताजा ओरखडा बघितला.

"वाळू बरोबर होती. माणसं वेगळी आहेत."

"म्हणजे?"

"मास्तर, गिऱ्हाईक तोंडाने कमर सांगतं, त्या मापावर तू पँट कापतोस का?"

शिंपी कधीच कापत नसे. बत्तीस म्हणणाऱ्या छत्तीस कमरा त्याने हजारदा टेपने धरल्या होत्या आणि गिऱ्हाइकाची लाज राखून वहीत गुपचूप छत्तीस लिहिलं होतं.

"आणि तू पासष्ट?" मेस्त्रीने त्याच्या पोटाकडे बघितलं. "कधी, शाळेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी गाडी घेऊन बसथांब्यावर गेला. बायको रांगेत तिसरी होती. तो शेजारी उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी चौऱ्याहत्तर आहे. मेस्त्रीला पासष्ट सांगितलं."

तिने बघितलं त्याच्याकडे. "का?"

"तोंडातून निघून गेलं."

रांग एक पाऊल पुढे सरकली. बस आली होती.

"पन्नास मी लग्नात होते," ती म्हणाली. "आता एकसष्ट आहे. आणि ही बॅग उचलून बघ कधी. पण तू विचारलंस कुठे? सासूबाईंच्या समोर. मी दुसरी पोळी घेतली तर त्या डब्यात किती उरल्या ते मोजतात. तिथे मी एकसष्ट म्हणू?"

"नाही," शिंपी म्हणाला. "चुकलं माझं."

"येणार का आत?" कंडक्टरने दारातून विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

मेस्त्रीने शटर नुकतंच वर केलं होतं. वहिनींना बघताच त्याने गाडी आत घेतली. "बसा दोघं. बॅगेसकट. रोज बसता तसेच, पोट आत ओढायचं नाही मास्तर."

ती गाडीकडे बघत थोडी थांबली. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात टेकून चढली.

टेप लागली. मेस्त्रीने ती वाचली आणि मोठ्याने म्हणाला, "पावणेपाच सेंटीमीटर." किलोची भाषाच नाही. त्याने कडी चौथ्या खाचेवर नेली, पुन्हा दोघांना बसवलं, पुन्हा टेप. "सव्वातीन. आता झालं. तरी घाई करायची नाही."

घाटात पहिली दोन वळणं ती ताठ बसली होती. तिसऱ्याला म्हणाली, "ऐक, मेट्रनने माझी ड्यूटी परत बदललीय."

"कधीपासून?"

"पुढच्या आठवड्यापासून. आणि मला विचारलंसुद्धा नाही. त्या नव्या मुलीला दिवसपाळी आणि मला..."

सातवं वळण आलं. ती बोलायची थांबली. तिच्या मुठीत त्याचा शर्ट आला, पोटाजवळची चिमूटभर कातडीही आली. शिंप्याने वेग कमी केला, गाडी डावीकडे झुकवली. खालून फक्त टायरचा आवाज येत राहिला. मग गाडी सरळ झाली आणि पुढचा रस्ता दिसला.

मूठ सैल झाली.

"हां," ती म्हणाली, "तर त्या मुलीला दिवसपाळी, आणि वर मलाच म्हणते, तुझं काय, तुला नवरा आणायला येतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"सांगते. आधी समोर बघ."