बाहेरच्या वळणावरचं घर

नदीच्या बाहेरच्या वळणावर घर बांधू नये, हे गावातल्या दोन पिढ्यांना ज्यांनी शिकवलं, त्यांचंच घर बाहेरच्या वळणावर होतं. अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने. भूगोलाच्या सरांना पोरं ‘व्याख्या सर’ म्हणत. त्यांनी लग्नानंतर जागा घेतली तेव्हा काठ परसदारापासून साठ फुटांवर होता. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला धडकतं आणि माती पोखरतं, ते खनन; तीच माती पुढे आतल्या काठाला नेऊन टाकतं, ते संचयन. काठ वर्षाला सरासरी फूटभर मागे सरतो, म्हणजे साठ वर्षं बिनघोर. तेवढे आपण दोघं काही टिकत नाही, असं सरांनी नव्या नवरीला कागदावर मांडून दाखवलं होतं. तिनेही मान डोलावली. नवरा आपल्या मरणाचाही हिशेब करून ठेवतो, म्हणजे माणूस पक्का, असं तिला वाटलं असणार.

सर एवढंच विसरले की सरासरी माणसं काढतात, नदी काढत नाही. ती पस्तीस वर्षं अर्धपोटी राहिली आणि यंदा एका आठवड्यात चाळीस फूट जेवली.

टेकडीवरच्या नव्या वसाहतीत घरं मिळणार होती, पण ती विस्थापितांना. स्थलांतरितांना नाही. फरक अर्जावरच छापला होता: घर उभे असताना सोडून जाणे ते स्थलांतर, निसर्गाच्या आघाताने राहते घर नष्ट झाल्यामुळे जावे लागणे ते विस्थापन. यादी शनिवारी पाच वाजता बंद.

फरकाचं ते वाक्य सरांचं होतं. शाळेच्या पुस्तकासाठी त्यांनीच कधीतरी लिहून दिलेलं, पोरांचा मार्क जाऊ नये म्हणून घासूनपुसून लख्ख केलेलं. कचेरीने ते जसंच्या तसं उचललं. सर तिथे जाऊन म्हणाले की व्याख्या चुकली आहे, माझीच आहे, दुरुस्त करून देतो. कारकुनाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तुमची व्याख्या बदलणारे आम्ही कोण, असं हात जोडून विचारलं. नम्र माणसाशी भांडता येत नाही, आणि हे कारकुनांना बरोबर ठाऊक असतं.

म्हणजे घर पडेपर्यंत घरातच राहायचं, आणि ते शनिवारच्या आत पडायला हवं. सरांच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती मधल्या खोलीत खाटेवर. भाड्याची खोली घ्यावी तर पेन्शन तिच्या औषधांतच संपायची. मुलगी परगावी, सासरी दोन खोल्यांत सात माणसं. तिने या म्हटलं होतं, पण किती दिवसांसाठी ते म्हटलं नव्हतं.

मोजणीदार सकाळ-संध्याकाळ यायचा. सरांचाच विद्यार्थी. काठापासून मागच्या भिंतीपर्यंत फीत धरायचा, आकडा वहीत टाकायचा (तो शून्यावर आला की घर नष्ट धरायचं), मग स्वयंपाकघरात जाऊन चुलीवर तळहात ठेवायचा. लोक कुलूप लावून नातेवाइकांकडे राहायला लागले होते, म्हणून ही युक्ती कचेरीने काढली: चूल गार तर घर सोडलेलं. सर दिवसभर लाकडं सारत बसत. पस्तीस वर्षांत त्यांनी चुलीकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं, असं बायकोने ऐकवलंही.

शुक्रवारी पाणी उतरू लागलं. गल्लीने सुटकेचा श्वास टाकला, शेजारीण अभिनंदन करून गेली. सर मात्र पांढरेफटक पडले. त्यांनी बायकोला समजावलं की भरलेली नदी काठाला लोडासारखा टेकू देते. पाणी खाली गेलं की भिजून जड झालेल्या मातीचा आधार जातो. काठ ढासळतो तो आता.

“आता म्हणजे कधी?”

“ते पुस्तकात नाही.”

ती छपराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग मी घाबरू की भिंतीला पड बाई लवकर म्हणून हात जोडू? एकदा काय ते सांगा.”

सरांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

शनिवारी दुपारी खाट उचलून रस्त्यापलीकडे शेजारणीच्या ओसरीवर नेली. बायको नको नको म्हणत होती. आपण बाहेर पडलो तर घर सोडलं असं लिहितील, ही तिची भीती. चूल गरम आहे तोवर नाही लिहीत, असं सर म्हणाले आणि परत आत गेले. चार वाजता मोजणीदाराने फीत धरली. दीड वीत. स्वयंपाकघराच्या जमिनीत बोट जाईल एवढी भेग.

“लिही की रे,” सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते विद्यार्थ्यापुढे हात जोडून उभे होते. “दीड वितीने काय होतंय?”

“सर, तुम्ही मला कधी अर्धा मार्क जास्त दिला होता?”

सरांनी जोडलेले हात सोडले. दिला नव्हता.

मोजणीदार नियमाप्रमाणे आत गेला, वाकला, तळहात चुलीवर टेकवला, आणि त्याच्या पायाखालची जमीन हातभर खचली. तो चारी हातापायांवर रांगत बाहेर आला. भिंत उभीच होती, छप्परही. तो ओट्यावर बसला, वही उघडली, पण अक्षर उमटेना. तेव्हा डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि लिहिलं: घर नष्ट, वेळ चार वीस. दुसऱ्याच्या पायाखाली खचते ती दीड वीत असते. स्वतःच्या खचली की आघात.

त्यानंतर घर नऊ दिवस उभं होतं.

कचेरीने तंबी दिली होती की नष्ट झालेल्या घरात कुणी दिसलं तर नाव कापू. टेकडीवरच्या घरांना अजून दारं बसायची होती. दोघं शेजारणीच्या ओसरीवर, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे आपलंच दार. पाचव्या दिवशी पाऊस आला. ओसरी गळायला लागली. समोरच्या पडवीत, कोरड्यात, दोरीवर सरांच्या बायकोची चादर वाळत होती.

“तेवढी आणा,” ती म्हणाली. दात वाजत होते.

सर रस्ता ओलांडून गेले. कडीला हात लावला. कोपऱ्यावर कचेरीतला कारकून सायकलवरून उतरून छत्री उघडत होता. त्याने लांबूनच नम्रपणे नमस्कार केला. सरांनी हात मागे घेतला आणि भिजत परत आले.

“ते घर नाही आता,” त्यांनी सांगितलं.

“मग काय आहे ते?”

सर खाटेच्या कडेला बसले. तिची थंडगार पावलं मांडीवर घेऊन चोळत राहिले, आणि समोरच्या कोरड्या चादरीकडे बघायचं टाळत राहिले.