शिवून टाकलेली कड

सकाळी अकरा वाजता दुकानाने मला परत घ्यायला नकार दिला.

काउंटरवरच्या बाईंनी मला उलटंसुलटं केलं, खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "टॅग नाही. आणि ही कड आमची नाही. कोणी शिवली?" समोरच्या मुलीने वाकून कड पाहिली. तिलाही ते आत्ताच कळत होतं.

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. हसू नका. वय माझं जेमतेम महिन्याचं. पण ज्या नटीमुळे मी गाजलो, तिने काल दुसरंच काही घातलं आणि मी जुना झालो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शिवून झाल्यावर एका बाईने माझी खालची कड ब्रशने घासून मुद्दाम उसवली, दोरे लोंबतील अशी. "चांगल्या कपड्याचं वाटोळं करायचं म्हणजे जिवावर येतं बाई," ती म्हणाली. "घास गुमान. हल्ली फाटक्यालाच भाव आहे," शेजारीण म्हणाली.

माझा एक जुळा भाऊ होता. तो त्या लाडक्या नटीकडे गेला, विकत नव्हे, वापरायला. गाडीतून उतरून समारंभाच्या दारापर्यंत जाण्यापुरता तिने तो घातला, फोटो निघाले आणि संध्याकाळी तो दुकानात परत आला. कॉलरवर ओठांच्या लालीचा डाग होता. कोणी कुरकुरलं नाही. डागासकट त्याला काचेच्या कपाटात मानाने ठेवलं. मी समोरच्या दांडीवर होतो, म्हणून मला ठाऊक. फोटो पाहणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? आमच्यावर नुसत्या उड्या पडल्या.

त्या गर्दीत ही मुलगी आली. ती नर्सिंग शिकते. आईने फीसाठी दिलेले पैसे तिच्या पर्समध्ये होते.

"अगं, टॅग आत खोचायचा, पार्टीत मिरवायचं आणि परत करून टाकायचं," मैत्रीण म्हणाली. "फीला अजून वेळ आहे ना? मग घाबरतेस काय?"

पार्टीत माझं फार कौतुक झालं. "अय्या, अगदी तिच्यासारखाच!" टॅगचा कोपरा टोचत होता म्हणून मुलीने मान ताठ धरली होती, फोटोत तीच ऐट दिसली.

दुसऱ्या दिवशी तिने मला दारामागे अडकवलं आणि ती कॉलेजला गेली. तिची आई घरातच कपडे दुरुस्तीचं काम करते. चेन बदलायची, अस्तर लावायचं, कडा दुमडायच्या. तिची नजर माझ्यावर पडली. "वेंधळी कार्टी! दोरे लोंबताहेत तरी तशीच फिरते. लोक म्हणतील, आई शिवणकाम करते आणि लेकीच्या अंगावर उसवलेलं!" तिने रंगाला रंग जुळवून दोरा घेतला, कड आत वळवली आणि बारीक टाके घातले. टॅग टोचत असेल म्हणून तोही न वाचताच कापून टाकला. मग घडी घालून मला पिशवीत ठेवलं. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. मुलीने ती पिशवी आज सकाळी तशीच उचलली होती.

दुकानातून परतल्यावर तिने मला आईपुढे धरलं. "हे तू शिवलंस?"

"मग काय शेजारणीने? बघ, टाका दिसतो का कुठे!"

मुलगी रडत रडत सगळं बोलून गेली. आईने यंत्रावरचा हात काढला.

"म्हणजे फी भरलीच नाहीस?"

"आज पाचपर्यंत भरायची आहे. नाहीतर नाव कमी होईल."

"फाटकं घ्यायला एवढे पैसे? मला सांगायचं होतंस, मी फुकटात फाडून दिलं असतं."

कोणीच हसलं नाही. आईने चपला घातल्या.

मित्रांनो, मला जपा, यापलीकडे कोटाने काय सांगावं? तरी सांगतो. फोटोत एखादा कपडा आवडला, तर तो संध्याकाळी कुठे जातो हेही विचारा. आणि घेतलात, तर ठेवण्यासाठी घ्या.

आत्ता साडेचार वाजले आहेत. आई मुदत मागायला कॉलेजच्या कार्यालयात गेली आहे. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली आहे, मी तिच्या मांडीवर. दार बंद आहे. आतून फक्त आईचा आवाज येतो आहे. समोरच्याचं उत्तर अजून ऐकू आलेलं नाही.