झाकणावरचा नंबर

शालीकराम कबाड्याचा टेम्पो कोहमाऱ्याच्या नाक्यावर गॅरेजपुढे लागला, तेव्हा समीक्षा कामाच्या बाकड्याआड बसून लेकीला पाजत होती. सात महिन्यांची मैत्री दूध पिता पिता आईचं एक बोट मुठीत धरून ठेवायची. ती मूठ पान्यानंही सुटायची नाही, असं तिचे आजोबा म्हणायचे.

"जयभीम, देवीदासभाऊ! कोनते खोके न्यायचे?" शालीकराम ओरडला.

"चारही न्या, काका," समीक्षाचा भाऊ रत्नपाल म्हणाला.

समीक्षानं ओढणी सावरली आणि बसल्या जागेवरूनच म्हणाली, "एकही उचलायचा नाई."

त्या चार खोक्यांत चाळीसेक जुने कार्बोरेटर होते. जिपांचे, अँबेसेडरचे, फियाटचे, आणि एकेकाळी मालगुजारांकडे नि तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडे असायच्या त्या विलायती मोटारींचे. समीक्षाच्या बापानं, देवीदासनं, तीस वर्षांत जमवलेले. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मोजून पाजणारं हे यंत्र तळहातावर मावेल एवढं, पण गाडीचा सगळा रुसवाफुगवा त्याच्यातच. आणि कुठला कार्बोरेटर कुठल्या गाडीचा, हे त्याच्यावर ठोकलेल्या बारीक नंबरावरून ओळखायचं. पहिले दोन आकडे म्हणजे घशाचं माप, पेट्रोल सोडणारे पितळी जेटही त्याच मापाचे, पुढची अक्षरं म्हणजे घराणं, शेवटचे आकडे म्हणजे गाडी. पोरी पाढे पाठ करतात त्या वयात समीक्षानं हे पाठ केलं होतं.

पण दोन वर्षांपूर्वी देवीदासच्या डोळ्यांनी दगा दिला. माणूस दिसायचा, आकडा दिसायचा नाही. तेव्हापासून खोक्यांवर धूळ.

"अवं ताई, दोन हजार सात साल चालू हाये," रत्नपाल म्हणाला. "नव्या गाड्यांच्या पोटात कार्बोरेटरच नाई राहून रायला. मले इथं टायरचं मशीन बसवायचं हाये. हे कायले सांभाळू?"

"तू नको सांभाळू. मी सांभाळतो ना."

"तू? तुयं सासर सडक अर्जुनीले. कडेवर लेकरू."

"काळीपिवळीनं दहा मिनिटं लागतात. आन् लेकराले काय पेट्रोलचं वावडं हाये?"

देवीदास खाटेवर बसून ऐकत होता. तो शालीकरामला अडवत नाही हेच तिला जास्त लागलं. शालीकरामनं पहिले तीन खोके टेम्पोत चढवले.

चौथ्याला हात घातला तेवढ्यात गोंदियाच्या वाटेकडून धडधडत, काळा धूर ओकत एक मोटार आली आणि नाक्यावर येऊन एक उचकी देऊन बंद पडली. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, पन्नास-पंचावन्न वर्षांची गाडी. आतून गोंदियाचे राइसमिलवाले नंदलालशेठ उतरले आणि त्यांच्यामागून त्यांचा शहरातला मिस्त्री भैय्यालाल.

"नागपुरात चार वाजता जुन्या गाड्यांचा मेळा है," शेठ घाम पुसत म्हणाले. "बाबूजींची गाडी आहे. गोरेगावपासून असंच करून राहिली. देवीदास, तूने देखी है ना ये गाडी?"

"पाह्यली असंन, शेठ. आता दिसत नाई."

भैय्यालालनं बॉनेट उघडलं आणि आपल्याच तोऱ्यात सांगायला लागला. "कार्बोरेटर एकदम बरोबर है. झाकण पे पितळ की पट्टी है, नंबर साफ है. बत्तीस का है, मैंने खुद बत्तीस के जेट डाले. खराबी कॉइल में होगी."

समीक्षा मैत्रीला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत पुढे आली. तिनं धूर हुंगला. प्लगांवर काजळ धरलं असणार. ही गाडी उपाशी नव्हती, हिला अजीर्ण झालं होतं.

"झाकणाचा नंबर वाचला," ती म्हणाली. "अंगाचा वाचला का?"

भैय्यालालनं तिला वरून खाली पाहिलं. "बाई, तू लेकराले पाज."

"पाजून झालं तिले. आता तुमच्या गाडीची पाळी."

शालीकराम खो खो हसला. नंदलालशेठ घड्याळ पाहत म्हणाले, "देखने दो, भैय्यालाल. तासभर तूच पाहून राहिला होता ना."

तिनं मैत्रीला बापाच्या मांडीवर दिलं आणि कार्बोरेटर काढला. गार होईतो थांबायची सवड नव्हती. ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं. बुडाशी, जिथं तो इंजिनाला बसतो तिथं, कुणीतरी चंदेरी रंगाचे थर फासले होते. पेट्रोलनं ते घासून काढले. ठसा झिजला होता, नुसत्या डोळ्यांनी लागेना. बापाच्या खिशात अशा वेळी खडू असायचा. आता खडू नव्हता. तिनं मैत्रीच्या पिशवीतून पावडरचा डबा काढला, चिमूटभर ठशावर चोळली, आणि तळव्यानं पुसून घेतली. खोलगट आकड्यांत पावडर राहिली. पांढरे, स्पष्ट आकडे.

तीस.

"झाकण बत्तीसचं, अंग तीसचं," ती म्हणाली. "तुमी लहान घशात मोठे जेट घातले. पेट्रोल गळ्याशी आलं तिच्या."

भैय्यालाल वाकला, पाहिलं, आणि सावरून म्हणाला, "मग किसने बदला झाकण? जिसने बदला उसकी गलती. असा अडाणी मिस्त्री कोण होता?"

"आन इकडं," देवीदास म्हणाला. मैत्रीला एका हातात धरून त्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा कार्बोरेटरच्या बुडावरून फिरवला. आकडे त्याच्या अंगठ्याला लागत नव्हते, पण त्याखाली लोखंडी पंचानं ठोकलेल्या तीन टिकल्या लागल्या. आपण उघडलेल्या प्रत्येक कार्बोरेटरवर तो त्या ठोकायचा.

"हा तं आपल्याच इथं उघडला होता," तो हळूच म्हणाला.

समीक्षाला सगळं आठवलं. ती बारा वर्षांची. दरेकशाला मामाकडे जायची गाडी दुपारची. बापाचा नियम असा की एका ताटात एकच कार्बोरेटर उघडायचा, धुवायचा, बंद करायचा, मगच दुसरा. त्या दिवशी तिनं घाईत दोन कार्बोरेटर, एक शेठच्या गाडीचा नि एक बापाच्या खोक्यातला, एकाच परातीत धुतले. दिसायला जुळे भाऊ. झाकणं लावली, फडक्यानं पुसले, आणि मामाकडे पळाली.

चूप बसली असती तरी चाललं असतं. रत्नपाल तिच्याकडेच पाहत होता. हे कळलं की तो म्हणेल, पाह्य, आन् हिले बाबाचं बाकडं पाह्यजे.

"मी बदलली," ती म्हणाली. "बारा वर्साची होती. दोन कार्बोरेटर एका परातीत धुतले. अडाणी मिस्त्री मीच."

भैय्यालाल टाळी मारून हसला. "सुना शेठ? चोर भी यही, पोलिस भी यही!"

"हसून घ्या," समीक्षा म्हणाली. "मी बारा वर्साची असताना झाकण चुकली. तुमी पन्नाशीत पट्टी वाचून चुकले. माया चुकीचा जोडीदार त्या टेम्पोत हाये. काका, खोके उतरवा."

शालीकरामनं रत्नपालकडे पाहिलं. रत्नपालनं नंदलालशेठकडे. "उतारो भाई, उतारो!" शेठ खेकसले.

तिसऱ्या खोक्यात, दोन जिपांच्या कार्बोरेटरांखाली, तो सापडला. झाकणावर तीसची पट्टी. पावडर चोळली; बुडाशी बत्तीस.

"हा मेला?" देवीदास ताडकन म्हणाला. "हा कोनत्याच गाडीत चालला नाई! बारा-तेरा वर्सं मी याले शिव्या देल्लो! पट्टी वाचून तीसचे जेट घातले, तरी खोकलत होता."

"म्हणूनच तं पाह्यजे, बाबा. आपल्याले लागतात ते जेट त्याच्याच पोटात हायेत."

तिनं एक ताट घेतलं. एकच. शिवणाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकाचे ते पितळी जेट काढले, फुंकले, उजेडाला धरले. तीसच्या अंगात तीसचे बसवले, झाकण आपल्या घरी गेलं. प्लग पुसले. मैत्री रडायला लागली होती. देवीदास तिला पान्यांचा जुडगा वाजवून दाखवत होता. समीक्षाची छाती भरून आली, कुर्ता ओला झाला, पण हात थांबले नाहीत.

"मारा सेल्फ."

पहिल्या खेपेला नुसतं खोकलं. दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं, आणि मग असं मऊ चालायला लागलं की धुराच्या नळीशी हात धरून रत्नपालनं तो उलटून पाहिला. काजळी नव्हती.

नंदलालशेठ गाडीत बसता बसता म्हणाले, "देवीदास, तेरी बेटी..."

"तिलेच सांगा," देवीदास म्हणाला. "बाकडं तिचं हाये."

ते ऐकून रत्नपाल टेम्पोशी गेला. वर राहिलेले दोन खोके त्यानं स्वतः उतरवले, जरा आदळूनच. "आन् माया टायरचं मशीन?"

"तिकडच्या खांबाशी बसव. टायर तुये, कार्बोरेटर माये. आन् माया कार्बोरेटरले मले इचारल्याशिवाय कोनी हात नाई लावायचा."

"मी तं रिकामाच चाललो म्हना," शालीकराम कुरकुरला, आणि टेम्पो वळवला.

देवीदासनं आढ्याच्या पाइपाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, बाकड्यापासून हातभर अंतरावर. मैत्री पोटभर प्यायली आणि आईचं बोट न सोडताच झोळीत झोपली. समीक्षानं एका हातानं पहिला खोका जवळ ओढला. कार्बोरेटर काढला, उलटा केला, बुडाशी पावडर चोळली.

"काऊन? आता का पाहून रायली?" देवीदासनं विचारलं. "दोनच बदलले होते ना?"

"मले दोनच आठवतात, बाबा."

तिनं पावडर पुसली आणि आकडा मोठ्यानं वाचला. देवीदासनं खाट जरा जवळ ओढली, अंगठा पुढे केला, आणि टिकल्या मोजायला लागला.