गंजाची गोळी

जेवण झालं की चैतू बसल्या जागी घोरायचा. घोरणं मध्येच थांबलं, की बायको सोमारी त्याचा खांदा हलवायची. डॉक्टर म्हणाले होते, "झोपेत श्वास अडकून शरीर आतून गंजतं. व्हिटॅमिन सीच्या गोळीनं गंज थोडा कमी होईल. गळा मात्र झोपताना लावायचं विजेवरचं मशीनच उघडा ठेवेल." पण भामरागडच्या पल्याड, त्यांच्या गावात, विजेचा खांबही नव्हता.

गोळ्या संपल्या. सोमारीनं जंगलातून टोपलीभर आवळे आणले.

"यातबी तेच औषध हाये म्हणे. खा."

"मले आवळे खाणारं चितळ समजली का वो?" चैतू हसला आणि चावता चावताच पेंगला.

श्वास थांबला. सोमारीनं त्याच्या तोंडातला आवळा काढून खांदा गदागदा हलवला. धापकन श्वास आला. धान कापायचं राहिलं होतं. पण तिला खांद्यावरचा हात काढवेना.